उसाच्या वाटेने डर्बन: पाच दिवसांच्या प्रवासाचे सविस्तर मार्गदर्शन

दक्षिण आफ्रिकेच्या सहलीत डर्बनच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. सकाळी समुद्रकिनारा, दुपारी एखादा मोठा मॉल आणि संध्याकाळी परतीचे विमान, असा तो दिवस संपतो आणि जे शहर खरोखर पाहायला हवे होते ते तसेच राहून जाते. हे शहर उसाने घडवले. येथील बंदर, देवळे, बाजार, टेकडीवरचे बंगले आणि कामगारांच्या वसाहती यांचा धागा कुठे ना कुठे उसाच्या फडापर्यंत जातो. म्हणून पुढील आखणी त्याच धाग्याने केली आहे, आणि तिच्यात एक क्रम मी आग्रहाने ठेवला आहे: ज्यांनी ऊस लावला आणि तोडला त्यांच्या जागा आधी पाहाव्यात, ज्यांनी त्यावर संपत्ती उभी केली त्यांचे बंगले नंतर.

आरंभी नावाविषयी थोडेसे. वास्को द गामा १४९७ साली या किनाऱ्यावरून जात असताना ख्रिस्तजन्माचा सण आला, म्हणून पोर्तुगीजांनी या भागाला 'नाताळ' म्हटले. आपण मराठीत त्या सणाला नाताळ म्हणतो, तोही हाच पोर्तुगीज शब्द. पुढे १८३५ मध्ये केप वसाहतीचे गव्हर्नर सर बेंजामिन डर्बन यांचे नाव शहराला मिळाले. झुलू भाषेत मात्र ते 'एथेकविनी', आणि महापालिकाही आज तेच नाव लावते.

निघण्यापूर्वीची तयारी

आधी ऋतू ठरवावा. डर्बन दक्षिण गोलार्धात असल्याने आपल्या पावसाळ्याच्या महिन्यांत तेथे हिवाळा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात तेथे दमट उकाडा आणि पाऊस असतो, तर जून ते ऑगस्टमध्ये हवा कोरडी, दिवस उबदार आणि आकाश स्वच्छ असते. किनाऱ्याजवळून अगुल्हासचा उष्ण सागरी प्रवाह वाहत असल्यामुळे हिवाळ्यातही समुद्र फार गार पडत नाही. माझी शिफारस जून ते ऑगस्टचीच आहे, आणि तिचे मोठे कारण उसाचे आहे: तेथील गाळप हंगाम साधारण एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत चालतो, त्यामुळे या महिन्यांत उभे फड, तोडणी आणि वाहतूक हे सगळे एकाच फेरीत पाहायला मिळते. जुलैच्या पहिल्या शनिवारी ग्रेव्हिल येथे घोड्यांची मोठी शर्यत असते आणि त्या आठवड्यात हॉटेलांचे दर चढतात, तेवढे दिवस टाळावेत.

भारतीय पारपत्रधारकांना व्हिसा लागतो आणि त्यासाठी काही आठवडे हाताशी ठेवावेत. पारपत्राची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान ३० दिवस शिल्लक असावी आणि त्यात कोरी पाने असावीत. मुले सोबत असतील, तर आई व वडील या दोघांची नावे असलेला जन्मदाखला जवळ ठेवावा. जोहान्सबर्ग, दुबई किंवा दोहामार्गे जाणे सोयीचे पडते. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे स्वस्त तिकीट मिळाले, तर पीतज्वराच्या लशीचा प्रश्न आधी सोडवावा, कारण पीतज्वराचा धोका असलेल्या देशातील विमानतळावर बारा तासांहून अधिक थांबल्यास लशीचे प्रमाणपत्र मागितले जाते. खुद्द डर्बनमध्ये मलेरियाची धास्ती नाही. प्रांताच्या अगदी उत्तरेला, मोझांबिकच्या सीमेकडे, अभयारण्ये पाहायला जाणार असाल तर मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

विजेच्या प्लगविषयी एक उपयोगी गोष्ट सांगतो. आपल्याकडे गिझर किंवा वातानुकूलन यंत्राला जो जाड, तीन गोल पिनांचा मोठा प्लग असतो, तोच तेथील भिंतीवरच्या जुन्या सॉकेटमध्ये बसतो. मोबाईलच्या चार्जरची बारीक पिन त्यात सैल पडते. म्हणून घराजवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून मोठ्या पिनेचा एक कन्व्हर्टर आणि त्यावर लावायला एक छोटा एक्स्टेंशन बोर्ड घेऊन जावा. विमानतळावरच्या दुकानातील महागडा 'जागतिक' अडॅप्टर अनेकदा नेमका हाच प्रकार वगळतो. घड्याळ साडेतीन तास मागे घ्यावे लागते. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, त्यामुळे आंतरराष्ट्रीय परवाना असल्यास गाडी भाड्याने घेऊन चालवणे अवघड जात नाही.

सुरक्षिततेची काळजी मात्र मनापासून घ्यायला हवी. शहरात लूटमार होते, हे तेथील रहिवासी स्वतःच सांगतात. अंधार पडल्यावर पायी फिरू नये, ॲपवरून मागवलेली टॅक्सी वापरावी, सिग्नलला गाडी उभी असताना काचा वर ठेवाव्यात, पर्स किंवा फोन सीटवर दिसेल असा ठेवू नये आणि शहराच्या मध्यभागी दागिने घालून जाऊ नये. एवढी शिस्त पाळली की दिवसाचे फिरणे सुखाचे होते.

पहिला दिवस: समुद्र आणि बंदर

राजा शाका यांच्या नावाचा विमानतळ शहराच्या उत्तरेला सुमारे ३५ किलोमीटरवर, ला मर्सी येथे आहे. २०१० साली सुरू झालेला हा विमानतळ उसाच्या मळ्यांमध्येच उभा आहे, त्यामुळे विमान खाली येताना टेकड्यांवरच्या फडांचे हिरवे पट्टे दिसू लागतात. पहिल्या दिवशी फार धावपळ न करता किनाऱ्यालगतचा लांब पादचारी मार्ग पाहावा. पोहायचे असल्यास जीवरक्षकांनी लावलेल्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरावे. शार्कपासून संरक्षणासाठी तेथे समुद्रात जाळी लावलेली असतात, पण जून-जुलैमध्ये सार्डिन माशांचे प्रचंड थवे किनाऱ्याकडे येतात तेव्हा जाळी काढून घेतली जातात. जोराच्या पावसानंतर सांडपाणी मिसळल्याने काही किनारे बंद ठेवले जातात, त्यामुळे पाण्यात उतरण्यापूर्वी त्या दिवशीची सूचना पाहावी.

किनाऱ्यावर मण्यांचे भरजरी शिरोभूषण घातलेले झुलू रिक्षाचालक दिसतात. हातरिक्षा या शहरात १८९२ च्या सुमारास आणल्या त्या साखर कारखानदार मार्शल कॅम्बेल यांनी. हे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे. छायाचित्र काढण्यापूर्वी रिक्षाचालकाशी पैसे ठरवून घ्यावेत, कारण ते त्याचे उत्पन्न आहे.

दुपारनंतर बंदराच्या आतील बाजूस विल्सन्स व्हार्फकडे जावे. तेथून जवळच मेडन व्हार्फला साखरेचे टर्मिनल आहे. तेथील तीन अवाढव्य कोठारांत मिळून सुमारे पाच लाख टन साखर मावते. साखरेचा ढीग ओतला की तो स्वतःच्या भाराने ज्या उतारावर स्थिरावतो, त्या उताराला अनुसरून या कोठारांचा आकार ठेवलेला आहे. आत प्रवेश मिळेल का, याची चौकशी आधी दूरध्वनीवर करावी. तो मिळाला नाही तरी बाहेरून दिसणारा आकार पुरेसा बोलका आहे.

दुसरा दिवस: १८६० आणि त्यानंतर

हा दिवस सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यासाठी सकाळ मोकळी ठेवावी. १८५१ च्या सुमारास एडमंड मोरवूड याने डर्बनच्या उत्तरेला कॉम्पेन्सेशन येथे नाताळमधील पहिली साखर काढली. जमीन आणि हवा उसाला मानवते हे गोऱ्या मळेवाल्यांना कळले, पण स्वतःची जमीन व गुरे असलेले झुलू लोक मळ्यांवर बांधील मजुरी करायला तयार नव्हते. म्हणून भारतातून करारावर मजूर आणण्याचे ठरले. मद्रासहून निघालेले 'ट्रुरो' हे पहिले जहाज १६ नोव्हेंबर १८६० रोजी डर्बनला लागले. त्यामागोमाग कलकत्त्याहून 'बेल्व्हेडेर' आले. १९११ पर्यंत दीड लाखांहून अधिक माणसे अशी आणली गेली. करार पाच वर्षांचा, सुरुवातीचे वेतन महिना दहा शिलिंग आणि सोबत शिधा. 'ॲग्रीमेंट'चे 'गिरमिट' झाले आणि माणसे 'गिरमिटिया' झाली.

डर्बी स्ट्रीटवरील '१८६० हेरिटेज सेंटर' या संग्रहालयात हा इतिहास मांडलेला आहे. घाई न करता निदान दोन तास द्यावेत. जहाजांच्या नोंदवह्यांचे स्वरूप तेथे समजून घ्यावे: प्रत्येक माणसाला एक क्रमांक, मग नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव, उंची आणि शेवटी अंगावरची खूण. कपाळावरचा व्रण किंवा हातावरचे गोंदण, एवढ्यावर माणूस ओळखला जायचा. अशी एक आडवी ओळ बोट ठेवून शेवटपर्यंत वाचली, की आकडेवारीच्या दहा पानांनी होत नाही इतके समजते. अधिक खोलात जायचे असल्यास क्वाझुलू-नाताळ विद्यापीठाच्या वेस्टव्हिल परिसरातील गांधी-लुथुली दस्तऐवज केंद्राशी आधी पत्रव्यवहार करून वेळ ठरवावी.

येथे एक सूचना करतो. डर्बनचे भारतीय पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकी आहेत आणि घरात इंग्रजीच बोलतात. अनेकांच्या पूर्वजांची भाषा तमीळ, तेलुगू किंवा भोजपुरी होती, तर मागाहून स्वखर्चाने आलेल्या व्यापाऱ्यांची बहुधा गुजराती. त्यामुळे हिंदीत बोलायला सुरुवात करून समोरच्याला येत नाही म्हणून नवल करू नये, आणि 'तुमचे मूळ गाव कोणते' हा प्रश्न आपण होऊन विचारू नये. ते गाव कित्येकांना नोंदवहीत हुडकावे लागले आहे, कित्येकांना सापडलेलेही नाही. 'कुली' हा शब्द तेथे शिवी आहे, तो विनोदानेही उच्चारू नये.

संग्रहालयानंतर वॉरविक जंक्शनचे बाजार पाहावेत, पण स्थानिक वाटाड्या घेऊनच. सकाळचा भाजीबाजार, मणी विकणाऱ्या बायका, झुलू वैद्यांची मुळे आणि साली विकणारा पुलावरचा औषधी बाजार असे नऊ-दहा बाजार एकमेकांना लागून आहेत. औषधी बाजारात विचारल्याशिवाय फोटो काढू नये. तेथून व्हिक्टोरिया स्ट्रीट मार्केटमध्ये मसाल्याचे ढीग पाहून जुन्या ग्रे स्ट्रीटवर यावे, जिचे आजचे नाव डॉ. युसुफ दादू स्ट्रीट आहे. सोनेरी घुमटांची जुमा मशीद, तिच्या शेजारी इमॅन्युएल कॅथेड्रल आणि दोहोंच्या मधली मदरेसा आर्केड ही अरुंद बाजारपेठ हे सगळे पायी दहा मिनिटांच्या आत येते.

जेवायला येथेच 'बनी चाऊ' घ्यावे. पावाची न कापलेली आख्खी लादी घेऊन तिचा चौथा भाग उभा कापतात, आतला मऊ गाभा काढून पोकळीत रश्शाची भाजी किंवा मटण काठोकाठ भरतात आणि काढलेला गाभा वर झाकणासारखा ठेवतात. मागताना 'क्वार्टर मटन' किंवा 'क्वार्टर बीन्स' एवढे म्हटले की पुरते. चमचा मागू नये. आधी वरचा गाभा रश्शात बुडवून खावा, मग कडा वरून खाली तोडत जावे. बुडाशी पोचेपर्यंत पाव रस्सा पिऊन जड झालेला असतो आणि चव तेथेच खरी लागते. सोबत किसलेले गाजर, कांदा आणि मिरची यांची कोशिंबीर येते. शाकाहारी मंडळींसाठी बीन्सचा प्रकार उत्तम आहे. तेथे त्या राजम्यासारख्या ठिपक्यांच्या दाण्यांना 'शुगर बीन्स' म्हणतात, त्यात साखर नसते. तिखट आपल्या कोल्हापुरी रश्शाच्या तोडीचे असते, तेव्हा मुलांसाठी आधी विचारून घ्यावे.

तिसरा दिवस: उत्तरेकडचे फड

या दिवशी गाडी हवीच. नवा महामार्ग सोडून जुना आर-१०२ रस्ता धरावा, कारण तो मळ्यांच्या आणि गिरणीगावांच्या मधून जातो. पहिला मुक्काम माउंट एजकोम. मार्शल कॅम्बेल यांच्या मळ्यांचे हे ठाणे. येथे ऊसमजुरांनी पूजलेले गणपतीचे छोटेसे देऊळ आहे. कृष्टप्पा रेड्डी या मंदिरशिल्पकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बांधले. करारावर आलेल्या माणसांनी कामाचे तास संपल्यावर उभे केलेले हे स्थान आहे, त्यामुळे पादत्राणे काढून थोडा वेळ शांत बसावे. १९१३ च्या मजुरांच्या संपात (त्याची हकीकत चौथ्या दिवसात येते) याच परिसरातील मळ्यांवर संपकऱ्यांवर गोळीबार झाला होता.

ऊस उत्पादक वाचकांसाठी माउंट एजकोमचे आणखी एक महत्त्व आहे. १९२५ पासून येथे ऊस संशोधन केंद्र आहे. कोइमतूरहून पाठवलेल्या संकरित बियांपासून येथे निवड करून तयार झालेला 'एन-को ३१०' हा वाण १९४५ मध्ये प्रसारित झाला आणि पुढे जगातील अनेक देशांत लागला. यातील 'एन' म्हणजे नाताळ आणि 'को' म्हणजे कोइमतूर. आपल्याकडच्या 'को ८६०३२' या वाणातला 'को' तोच. केंद्र हे पर्यटनस्थळ नाही, त्यामुळे शेतकरी गटाने जायचे असल्यास पूर्वपरवानगी घ्यावी.

पुढे व्हेरुलममार्गे टोंगाटला जाताना फड नीट पाहावेत. सांगली-कोल्हापूरच्या माणसाला तीन फरक चटकन जाणवतात. ऊस टेकड्यांच्या उतारावर समपातळीच्या पट्ट्यांत लावलेला असतो. किनारपट्टीवर तो बहुतांशी पावसाच्याच पाण्यावर येतो. आणि एकदा लागण केली की खोडव्यामागून खोडवे, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारे पीक, अनेक वर्षे घेतात. हिवाळ्याच्या थंडीमुळे ऊस तोडणीला यायलाही बारा ते अठरा महिने लागतात. तोडणीपूर्वी फड पेटवून पाचट जाळण्याची पद्धत अजून मोठ्या प्रमाणावर आहे. जळत्या फडाची काजळी लांब पातळ तुकड्यांनी हवेतून उतरते आणि गाडीच्या काचेवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. रस्त्यावर धूर दिसल्यास थांबावे, धुरात गाडी घालू नये. उसाच्या लांबलचक ट्रकांना ओव्हरटेक करण्याचा मोह आवरावा. फडात शिरू नये, कारण जमीन खासगी आहे आणि या पट्ट्यात मांबासारखे अतिविषारी साप आढळतात.

टोंगाटला गिरमिटिया काळातील, १९०१ चे, जगन्नाथ पुरीच्या धर्तीवरचे उंच शिखराचे मंदिर आहे आणि गावालगत मेडस्टनची साखर गिरणी. पुढे बालिटोजवळ कॉम्पेन्सेशनला मोरवूडच्या पहिल्या गिरणीचे स्मारक आहे, तेथे पंधरा मिनिटे पुरतात. वेळ वाचवावा तो ग्राउटव्हिलसाठी. १९६० चे नोबेल शांतता पारितोषिक मिळवणारे आल्बर्ट लुथुली या गावचे प्रमुख होते आणि स्वतः ऊस उत्पादक शेतकरी होते. आफ्रिकी ऊस उत्पादकांची संघटना उभी करण्याचे काम त्यांनी केले. त्यांच्या घराचे आता संग्रहालय झाले आहे. साखरेचा इतिहास मळेवाले आणि भारतीय मजूर एवढाच नाही, हे या घरात आल्यावर उमगते.

चौथा दिवस: फिनिक्स आणि ओहलांगे

आजची दोन्ही ठिकाणे इनांडाच्या परिसरात आहेत, आणि तेथे स्वतःच गाडी घेऊन भटकू नये. तेथील वाटाड्या आणि गाडी आदल्या दिवशीच ठरवावी. गांधीजी मे १८९३ मध्ये एका व्यापाऱ्याच्या दाव्यासाठी डर्बनला उतरले आणि १९०४ मध्ये त्यांनी उसाच्या मळ्यांलगत शंभर एकरांवर फिनिक्स आश्रम वसवला. 'इंडियन ओपिनियन' या त्यांच्या साप्ताहिकाचा छापखाना तेथेच होता. १९८५ च्या दंगलीत आश्रम जळाला, आज दिसते ती पुनर्बांधणी आहे.

मराठी वाचकाने या ठिकाणी गोपाळ कृष्ण गोखले यांची आठवण ठेवून जावे. करार संपल्यावर नाताळमध्ये राहू पाहणाऱ्या मजुरावर १८९५ च्या कायद्याने वर्षाला तीन पौंडांचा कर बसवला होता. तीन पौंड म्हणजे ६० शिलिंग, अर्थात सुरुवातीच्या दराने सहा महिन्यांची कमाई, आणि तोही बायको-मुलांसाठी वेगळा. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचे गोखले, प्रकृती साथ देत नसताना, १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत आले. हा कर उठवला जाईल असे आश्वासन मिळाल्याची त्यांची समजूत झाली. ते पाळले गेले नाही, आणि १९१३ मध्ये खाणकामगारांपाठोपाठ हजारो ऊसमजूर संपावर गेले. १९१४ मध्ये कर रद्द झाला.

आश्रमापासून जवळच जॉन दुबे यांनी स्थापलेली ओहलांगे ही शाळा आहे. दुबे हे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे पहिले अध्यक्ष. १९१२ च्या त्याच दौऱ्यात गोखले येथे येऊन गेले होते. २७ एप्रिल १९९४ रोजी नेल्सन मंडेला यांनी आयुष्यातील पहिले मत याच शाळेत दिले आणि मग ते दुबे यांच्या समाधीपाशी गेले. दोन्ही जागा मिळून अर्धा दिवस धरावा. वाटेत क्वामाशू ही वसाहत लागते; तिच्या नावाचा अर्थ 'मार्शलची जागा' असा आहे, आणि हा मार्शल म्हणजेच मळेवाले कॅम्बेल.

पाचवा दिवस: टेकडीवरची बाजू आणि परतीची तयारी

आता बेरिया टेकडीवर जावे. कॅम्बेल कुटुंबाचे 'मकलन्यूक' हे घर आणि त्यातील संग्रह पाहण्यासाठी वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. नोंदवहीतील ओळ आणि माउंट एजकोमचे देऊळ पाहून झाल्यावर या घराकडे पाहण्याची नजर निराळी होते, म्हणून ते शेवटी ठेवले. त्याच टेकडीच्या उतारावर १८४९ मध्ये सुरू झालेले वनस्पती उद्यान आहे. वसाहतीत कोणती नगदी पिके तग धरतील हे तपासण्यासाठी ते उभारले होते आणि उसाचीही चाचणी तेथे झाली होती. उद्यानातील 'वूडचे सायकॅड' अवश्य पाहावे. १८९५ मध्ये सापडलेल्या या जातीचे एकच नर झाड निसर्गात मिळाले; मादी आजतागायत सापडलेली नाही, आणि जगभरची झाडे त्याच एका बुंध्याच्या फुटव्यांपासून वाढवलेली आहेत.

आणखी एक दिवस हाती असल्यास ८० किलोमीटरवरील पीटरमारित्झबर्गला जावे. ७ जून १८९३ च्या रात्री गांधीजींना आगगाडीतून उतरवले ते स्थानक तेथे आहे. हिवाळ्यात तेथे सकाळ-संध्याकाळ चांगलीच थंडी असते, स्वेटर लागतो.

परतताना विमानतळावर तीन तास आधी पोचावे. ऊस उत्पादक मंडळींना शेवटची विनंती अशी, की एखादा जोमदार ऊस आवडला म्हणून त्याचे डोळे किंवा कांडी सामानात घालू नये. परवान्याशिवाय लागवडीचे साहित्य आणणे हा गुन्हा आहे, आणि त्या एका कांडीबरोबर रोग किंवा कीड आपल्या शिवारात येऊ शकते. वाणाचे नाव आणि क्रमांक वहीत लिहून आणावा आणि पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात त्याविषयी विचारावे.